पत्र्याच्या शेडमधला वर्ग, ऑटिस्टिक मुलं 15 ते 21 वयाची: सेन्सरी उपक्रम कुठून सुरू करावेत?

उद्यमनगर_वर्ग
कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटिस्टिक मुलामुलींना कागदी पिशव्या आणि पणत्या शिकवणारा आमचा वर्ग आहे. सहा जण, खोली 12 बाय 15 फूट, वर पत्रा. पावसाची सर आली की एक जण कान दाबून कोपऱ्यात जातो. एक जण शर्टाची कॉलर चावतो, एकजण सारखी भिंतीला अंग रेटत असते. कामाआधी आणि मधे सेन्सरी उपक्रम, म्हणजे दाब, हालचाल, स्पर्श यांतून मुलांना सावरायला मदत करणारे उपक्रम, घ्यायचेत. हाताशी दहा हजार रुपये आहेत. छताला झोका टांगावा का? वजनदार ब्लँकेट घ्यावं का? ऑनलाइन दिसणारं बहुतेक सामान चार-पाच वर्षांच्या मुलांसाठीचं वाटतं.

ओटी_राजारामपुरी
मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. खरेदी थांबवा, आधी शेडकडे बघा. ज्या खोलीत कान दुखतात तिथे कितीही उपक्रम घेतले तरी अंग सैल पडत नाही.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. आपल्याला ते जाणवत नाही, काही ऑटिस्टिक मुलांना जाणवतं. चांगल्या प्रतीचे पिवळसर एलईडी लावा. पंख्याचं बेअरिंग घरघरत असेल तर बदला. वर्ग भरायच्या तोंडावर फिनेलनं लादी पुसू नका, आदल्या संध्याकाळी पुसा.

त्याचबरोबर आठवडाभर प्रत्येकाची साधी नोंद ठेवा: किती वाजता, त्याआधी काय घडलं, त्यानं स्वतःहून काय केलं, किती वेळात सावरला. भिंतीला अंग रेटणारी मुलगी तिला काय हवंय ते स्वतःच सांगते आहे. तिला दाब हवाय, सांधे-स्नायूंना जोर हवाय. तिला 'सरळ बस' म्हणण्यापेक्षा कामाचा जोर द्या: पाच लिटरचा पाण्याचा कॅन झाडांपर्यंत नेणं, कागदाचे गठ्ठे हलवणं, भिंतीला तळहात टेकवून दहा वेळा रेटणं. 50 किलोच्या मुलीला तीन ते पाच किलो ओझं पुरे. कामाआधी दहा मिनिटं, मग तासा-दीड तासानं पुन्हा. ओझं खऱ्या कामाचं असावं. रिकामाच कॅन इकडून तिकडे न्यायला लावलेला या वयाच्या मुलांना बरोबर कळतो.

कॉलर चावणाऱ्याला चावायला बनवलेलं सिलिकॉनचं लोलक द्या. खाऊत गाजर, भाजलेले चणे, चिक्की असं कडक काही ठेवा, मात्र त्याला नीट चावून गिळता येतं ना ते आधी बघा. चावणं अचानक वाढलं असेल तर पहिल्यांदा दात तपासून घ्या.

फॅब्रिकेशनवाला
झोक्याबद्दल. पत्र्याखालचा अँगल पत्रा पेलायला असतो, माणूस नाही. 60 किलोचा मुलगा झोका घेतो तेव्हा हुकावर त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येऊ शकतो. टांगू नका. जमिनीवर उभा राहणारा लोखंडी सांगाडा बनतो, पण 12 बाय 15 च्या खोलीत झोक्याच्या पुढे-मागे मोकळी जागा उरणार नाही. त्यापेक्षा डुलती खुर्ची घ्या.

पावसाच्या आवाजाला: पत्र्यावर शेडनेट ताणून बांधा, पत्र्याला न टेकता चार-सहा इंच वर. थेंब जाळीवर फुटतो, ताडताड कमी होते. आत पत्र्याखाली जाड गोधड्या किंवा सतरंज्या टांगल्या की घुमणं कमी होतं, फक्त दिवे आणि वायरिंगपासून लांब ठेवा. थर्माकोल चिकटवू नका, आग पटकन धरतो.

ओटी_राजारामपुरी
डुलत्या खुर्चीला दुजोरा. संथ, एका रेषेत डुलण्यानं बहुतेक जण शांत होतात. गोल फिरण्यानं उत्तेजित होतात आणि मळमळ नंतर तासभरही टिकू शकते. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला की लगेच थांबवा. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोका नकोच.

कान दाबणाऱ्यासाठी कारखान्यातले कामगार घालतात ते इअरमफ घ्या, तुमच्या उद्यमनगरातच चौकशी करा. सर कोसळते तेवढ्यापुरते द्या. दिवसभर घातले तर नेहमीचे आवाजही मोठे वाटू लागतात.

वजनदार ब्लँकेटचं म्हणाल, तर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ऑटिस्टिक मुलांची झोप त्यानं वाढली नाही, तरी मुलांना आणि पालकांना ते आवडलं. वर्गात मांडीवरची वजनदार उशी जास्त उपयोगी. जाड डेनिम, 40 बाय 50 सेंमी. 10 सेंमीचे चौकोन शिवले की वीस कप्पे होतात. प्रत्येकात 80 ग्रॅम प्लास्टिकचे दाणे, म्हणजे 1.6 किलो. तांदूळ भरू नका, कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट होऊन त्यात किडे होतात. आतून दुसरी पिशवी आणि दुहेरी शिलाई हवी, कारण दाणा तोंडात गेला तर घशात अडकतो. पंधरा-वीस मिनिटं मांडीवर, मग बाजूला. छातीवर, तोंडावर कधीच नाही, आणि ज्याला ती स्वतः काढता येत नाही त्याला देऊ नका.

उद्यमनगर_वर्ग
पणत्यांसाठी शाडू आणला की दोघं हातच लावत नाहीत. बळेच लावायचा नाही हे कळतं, पण मग सुरुवात कशी?

शाहूपुरी_मातीकाम
ओला शाडू त्रास देतोच, पण वाळताना जास्त देतो. बोटांच्या पेरांवर पांढरा थर धरतो, कातडी ओढली जाते, नखांच्या कडेला माती कडक होते. म्हणून प्रत्येकासमोर कोमट पाण्याचं भांडं आणि स्वतःचं फडकं ठेवा. कधीही उठून हात धुता यायला हवेत. माती आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा, सकाळी ती कमी चिकटते. या दोघांना गोळा जाड प्लास्टिक पिशवीत घालून द्या, बाहेरूनच दाबू देत. पुढे लाकडी पट्टी, मग एक बोट. कोणी पट्टीवरच थांबलं तर थांबू देत, पट्टीनंही पणती होते. कोरडा शाडू खोलीत चाळू नका, धूळ छातीत जाते.

पालक_कळंबा
एक भर. उपक्रम सुरू करण्याआधी थांबवायची खूण ठरवा. बोलता न येणाऱ्यांसाठी टेबलावर लाल कार्ड. कार्ड उचललं की त्याच क्षणी थांबायचं, 'अजून दोनदा' म्हणायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी ते कार्ड कोणी उचलणार नाही, आरडाओरडाच होईल. हात हलवणं, डुलणं यावर टोकू नका, ती मुलं तशीच स्वतःला सावरतात. कोपरा हा शिक्षेचा नको: चटई, एक पडदा, आणि विचारल्याशिवाय जाण्याची मुभा.