शिष्यवृत्तीच्या पुढचं
'हुशार मुलाला शिष्यवृत्ती दिली की पुढचं तो बघतो', असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये (कलन, म्हणजे उच्च गणिताचा एक भाग) मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं जवळून पाहिली. मेहनत भरपूर, पण अभ्यास एकेकट्याने. चिनी-अमेरिकन मुलं मात्र एकत्र बसायची, एकमेकांच्या चुका काढायची. मग ट्राइसमननी गटाने गणितं सोडवायचे वर्ग काढले. तेही अवघड गणितांचे. 'कच्च्यांची शिकवणी' नव्हे, हे मला सगळ्यात आवडलं. बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठातला १९८८चा मायरहॉफ हा विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठीचा शिष्यवृत्ती उपक्रमही त्याच वळणाचा: पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यातच सगळी मुलं एकत्र राहतात, शिकतात. कोविड लसीवर काम केलेल्या शास्त्रज्ञ किझमेकिया कॉर्बेट याच उपक्रमातल्या. नुसता मेंटॉर नेमून महिन्यातून एकदा कॉफी पाजणाऱ्या योजनांबद्दल मात्र मला शंकाच आहे.