लहान मुलांसाठी हॅलोविन पार्टी: मजा हवी, रडारड नको. मदत हवी आहे!

नमस्कार मंडळी,

३१ ऑक्टोबरला घरी मुलांसाठी हॅलोविन पार्टी करायची आहे. मुलं ४ ते ९ वर्षांची, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. मोठ्यांना अंगावर काटा आणणारी गोष्ट हवी, धाकटी नुसता मुखवटा बघून आईच्या मागे लपतात. दोघांनाही मजा येईल असं काय करता येईल?

थोडं ठरलंय. हॅलोविनच्या कंदिलासाठी भोपळा मीच कोरणार. वरची चकती सुरी तिरकी धरून कापायची, म्हणजे ती आत पडत नाही. आत मेणबत्ती नाही, बॅटरीवरचा दिवा. झगे घालून धावणारी मुलं आणि ज्योत एकत्र नकोच. मुलांना छोटे भोपळे रंगवायला देईन. एकमेकांना टॉयलेट पेपर गुंडाळून ममी (पट्ट्यांत गुंडाळलेलं इजिप्शियन प्रेत) करायचा खेळही आहे, तो हमखास रंगतो. पाण्यातली सफरचंदं दातांनी पकडायचा जुना खेळ मात्र नको वाटतो, एकाच पाण्यात सगळ्यांची तोंडं! त्याऐवजी ती दोरीला टांगली तर?

अडलंय ते असं: चेहरे रंगवायचे तर मुलांच्या नाजूक त्वचेला कोणते रंग चालतात? एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यामुळे घरी जाताना द्यायच्या भेटीच्या सगळ्यांच्याच पिशव्यांत खाऊ नको असं मला वाटतं. स्टिकर आणि खडू सोडून काय घालू? आणि धाकट्यांना हसवेल अशी एखादी भुताची गोष्ट माहीत असेल, तर अगदी सविस्तर लिहा.