‘रन’ म्हणजे धावणे, मग साखर कशी धावली?

गोदाकाठ (नाशिक)

मुलगी नववीत, सेमी इंग्रजी. शाळेतून वर्कशीट आलंय. दहा वाक्यं, दहाही वाक्यांत ‘रन’, आणि प्रत्येकाचा मराठीत अर्थ लिहायचा. ‘माय नोज इज रनिंग’ला तिनं ‘नाक गळतंय’ लिहिलं, ते ठीक. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’पाशी लिहिलं, ‘आमची साखर धावबाद झाली.’ आम्ही दोघं पोट धरून हसलो, ती फुगून बसली. तिचंही खरंच आहे म्हणा, टीव्हीवर रन आउटला धावबादच म्हणतात की!

राहिलेली वाक्यं: ‘हर आंट रन्स अ मेस’, ‘द कलर रॅन इन द वॉश’, ‘ही इज रनिंग अ टेंपरेचर’, ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’. शेवटचं आहे ‘द ट्रक रॅन अवे डाउन द हिल’. अर्थ मला कळतात, पण हे सगळं एकाच शब्दात कसं बसतं ते तिला सांगता येत नाहीये. डिक्शनरी उघडली तर ‘रन’ची पानं संपेनात. घोकूनच घ्यायचं, की या सगळ्याच्या मुळाशी काही एक धागा आहे?

मास्तरीण

घोकू देऊ नका, ताई. ‘रन’ हे क्रियापद म्हणून घेतलं तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याचे 645 अर्थ निघाले, ही बातमी 2011 साली आली होती. त्या एका शब्दावर एक संपादक नऊ महिने बसले होते. तोवर पहिला नंबर ‘सेट’चा होता. 645 कोणी पाठ करतं का?

तुमची उत्तरं: मावशी खानावळ चालवते. धुण्यात रंग गेला. त्याला ताप आहे. रस्ता नदीच्या कडेकडेनं जातो. नाटक दोन वर्षं चाललं. ट्रक उतारावरून सुटला. ‘धाव’ एकातही नाही, आणि ‘चाल’ दोनदा आली, तेवढं तिच्या नजरेत आणून द्या. आणि रन-रॅन-रन पक्कं करून घ्या. मार्क अर्थामुळे जात नाहीत, ‘हॅव रॅन’ लिहिलं की जातात.

लाइन_क्लिअर (भुसावळ)

ताई, मी मास्तर नाही. रेल्वेत ड्रायव्हर होतो, आता ज्याला लोको पायलट म्हणतात तो. असिस्टंटपासून मेल गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत आमची सगळी हयात या ‘रन’ शब्दात गेली, म्हणून चार ओळी लिहितो. जरा लांबेल.

आम्ही रनिंग स्टाफ. ड्रायव्हर, असिस्टंट आणि गार्ड (त्याला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा हुकूम आहे, पण भुसावळात अजून गार्डसाहेबच). पगाराशिवाय किलोमीटरवर मिळतो तो रनिंग अलाउन्स. बोलताना सगळे त्याला माइलेज म्हणतात. रिटायर होताना हिशेबाला मूळ पगारात 55 टक्के मिळवतात तेही रनिंग स्टाफ म्हणूनच. स्टेशन मास्तर रात्रभर उभा राहिला तरी तो रनिंग नाही. आम्ही खुर्चीवर बसून गेलो तरी रनिंग. पायांचा आणि या शब्दाचा संबंध इथेच सुटला बघा.

मग रनिंग रूम. लग्न नवीन असताना सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू बाहेरगावी उतरता कुठं? म्हटलं, मनमाडच्या रनिंग रूममध्ये. त्यांना ती व्यायामशाळा वाटली. प्रत्यक्षात लांबच लांब हॉल, ओळीनं खाटा, मच्छरदाण्या, खिडक्यांना भरदुपारी काळोख करणारे जाड पडदे. कुणी चप्पल जरी वाजवली तरी कोपऱ्यातून शिवी येते. त्या काळी शिधा आपापला न्यायचा. पीठ, डाळ, दोन कांदे, डब्याच्या टोपणावर खडूनं नाव. कुक आठ माणसांच्या आठ डाळी वेगवेगळ्या शिजवायचा आणि कुणाची तिखट, कुणाची गोड हे त्याला न विचारता ठाऊक असायचं. रनिंग रूममध्ये सगळं होतं, धावणं सोडून.

आता मुद्द्याचं. आमच्या नियमपुस्तकात रनिंग लाइनची व्याख्या आहे. सिग्नलच्या ताब्यातला, गाडी स्टेशनात घ्यायला, बाहेर काढायला किंवा तशीच पुढे काढायला वापरतात तो मार्ग. म्हणजे लूपसुद्धा, स्टेशनात गाडी बाजूला घ्यायचा तो जोडरूळ, रनिंग लाइन. तुमची मालगाडी लूपमध्ये घालून कंट्रोलवाला विसरला, तुम्ही चार तास माश्या मारताय, तरी ती उभी आहे रनिंग लाइनवरच! साइडिंग मात्र रनिंग नाही, तिथं माल भरा नाहीतर डबे ठेवा. तेव्हा मला कळलेलं ‘रन’ असं, की गोष्ट आपल्या वाटेनं सलग पुढे जाते, किंवा जायची सोय असते. मग ती गाडी असो, मेस असो की नाक.

मुलीला एक युक्ती सांगा. वाक्यातल्या रनच्या उलट काय, ते विचारायचं. मेस रन होते, उलट मेस बंद पडली. म्हणजे इथे रन म्हणजे चालवणं. नाटक रन झालं, उलट प्रयोग थांबले. म्हणजे चाललं. रंगाच्या उलट काय? रंग पक्का, जागचा हलत नाही. म्हणजे गेला. रस्त्याच्या उलट, रस्ता इथे संपतो. म्हणजे पुढे जातो. आणि ‘रन आउट ऑफ शुगर’ म्हणजे सलग चाललेलं होतं ते खुंटलं, साखर संपली. तुमच्या लेकीचं धावबाद तसं फार लांब गेलेलं नाही, तिथेही धाव पुरी व्हायच्या आतच खेळ संपतो. तापाच्या वाक्याला मात्र ही युक्ती ओढूनताणून लागते. ते पाठ करा.

पुढे छोटा शब्द लागला की युक्ती सोडायची, तिथे अर्थच फिरतो. ‘रन थ्रू’ आमच्याकडे चांगला शब्द. सगळे सिग्नल हिरवे, गाडी न थांबता मेन लाइननं स्टेशन ओलांडते, मास्तर हिरवी बावटी घेऊन बाहेर उभा. ‘रन ओव्हर’ वाईट. गुरं कापली गेली की मेमोत लिहायचं सीआरओ, म्हणजे कॅटल रन ओव्हर, सोबत खांबाचा नंबर आणि वेळ. पावसाळ्यात म्हशी रुळाच्या भरावावर येतात, जमीन कोरडी असते म्हणून. हॉर्न वाजवला की गाय बाजूला होते. म्हैस मान वर करून बघते, बस. माणूस असेल तर एमआरओ. तो मेमो लिहिताना हात कसा चालतो ते इथे नको.

आणि तुमचं शेवटचं वाक्य, रन अवे. नोकरीची शेवटची वर्षं इगतपुरीत काढली. कसाऱ्याकडे उतरताना उतार 37 ला 1, म्हणजे 37 मीटर जाताना रूळ 1 मीटर खाली. चढताना मागून बँकर इंजिनं लावतात ती त्यासाठीच, आणि उतरताना जीव ब्रेकमध्ये असतो. ताबा सुटलेल्या गाडीला रनअवे म्हणतात. तिला पाय फुटत नाहीत, कोणी पळवत नाही, फक्त अडवणारं काही उरत नाही. मास्तरीणबाईंनी ‘सुटला’ लिहिलंय ते एकदम बरोबर. आम्हीही ‘गाडी सुटली’ याच अर्थानं म्हणायचो आणि घरच्यांना वाटायचं, वेळेवर निघाली.

रंधा (चिंचवड)

काका, वाचताना मजा आली. आमच्या सुतारकामातला ‘रन’ राहिला, तो खिशाला लागतो म्हणून सांगतो. फर्निचरचे दर दोन प्रकारचे. कपाटाची दर्शनी बाजू, फॉल्स सीलिंग हे स्क्वेअर फुटावर. ओट्याचा ग्रॅनाइट, स्कर्टिंग, पेलमेट, रेलिंग हे बऱ्याचदा रनिंग फुटावर. रुंदी ठरलेली, मोजायची फक्त लांबी, भिंतीच्या कडेनं टेप धरत जायचं. ताई, तुमच्या वर्कशीटमधला नदीच्या कडेचा रस्ता आहे ना, त्यातलाच हा रन.

गोम एल आकाराच्या ओट्यात आहे. एका भिंतीला 8 फूट, दुसरीला 6 फूट, काही जण बेरीज करून 14 रनिंग फूट लावतात. पण ओटा 2 फूट खोल, म्हणजे कोपरा दोन्हीकडून मोजला गेला. दगड लागतो 12 फुटांचाच. कोपऱ्यात जोड द्यायची मजुरी वेगळी घ्या, त्याला कोणी नाही म्हणत नाही. नसलेल्या दगडाचे पैसे कशाला? कोटेशन आलं की आधी कोपरा कसा धरला ते विचारा.

आणि साइटवर ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना झालं तेवढ्याचं बिल. ते जो वेळेवर देतो त्याच्याकडे माणसं टिकतात.

यॉर्कशायरकर (लीड्स)

मुलीला पुढे इंग्लंड-अमेरिकेची पुस्तकं एकदम वाचावी लागतील म्हणून थोडी भर. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, इकडे ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो. लांब मोज्याचा धागा सुटून जी उभी रेघ पडते तिला तिकडे ‘रन’ म्हणतात, इकडे ‘लॅडर’. आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ‘स्कूल रन’, पोरांना शाळेत सोडणं-आणणं. सकाळी साडेआठला सगळा रस्ता स्कूल रनच्या गाड्यांनी तुंबलेला असतो.

बातम्यांत भेटणारा ‘बँक रन’ सांगून ठेवा. बँक बुडणार या भीतीनं ठेवीदार एकदमच पैसे काढायला जातात तो. सप्टेंबर 2007 मध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर निघाले, आणि बरेचसे घरबसल्या. लाइन_क्लिअर काकांची उलट शब्दाची युक्ती इथे चालत नाही. चालती बँक हवी आणि बँक रन नको, दोन्हीकडे रनच!

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. उलट शब्दाची युक्ती तिला पटली, आता घरात सगळ्यावर लावून बघतेय. फ्रिज रन होतो, उलट फ्रिज बंद, असं चाललंय. धावबाद खोडायला मात्र तयार नाही, कंसात ठेवलंय. रंधाभाऊ, आमचा ओटा एलच आहे आणि कोटेशन टेबलावर पडलंय. आज संध्याकाळीच टेप काढते.

काका, एक शंका. कसाऱ्याच्या घाटात खरंच गाडी सुटली तर करता काय? खाली तर दुसऱ्या गाड्या असणार.

लाइन_क्लिअर (भुसावळ)

ताई, ती सोय इंग्रजांच्या काळापासून आहे. तिचं नाव कॅच सायडिंग, आणि खंडाळ्याच्या घाटातही ती आहे. उतरत्या लाइनीला ठरलेल्या जागी एक फाटा फुटतो आणि उलट्या बाजूनं वर चढत जातो. काटा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, कायम त्या फाट्याकडेच लावलेला. प्रत्येक गाडीनं त्याच्या अलीकडे पूर्ण उभं राहायचं, मग मेल असो की मालगाडी. गाडी उभी राहिली म्हणजे ड्रायव्हरच्या ताब्यात आहे. तसं दिसल्यावरच काटा मेन लाइनकडे फिरतो आणि सिग्नल मिळतो. पॅसेंजरला वाटतं उगाच थांबवलं, खिडकीतून आमच्या नावानं बोटं मोडतात. सुटलेली गाडी थांबूच शकत नाही, मग तिच्यासाठी काटा फिरतच नाही. ती आपसूक फाट्यावर जाते आणि चढावर तिचा जोर मोडतो. तिथे डबे घसरले तर घसरू देत, खालच्या स्टेशनात उभ्या गाडीवर जायला नकोत, एवढाच हिशेब.