प्रति: गॅस ग्रिलवर पोलादी तवा

गॅस ग्रिलवर तवा म्हणून ठेवायला ६ मिमीची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेट ठीक आहे, पण तुम्ही म्हणता तशी अख्खी ग्रिल झाकेल इतकी मोठी कापू नका. चारी बाजूंनी निदान २-३ सेंमी मोकळं सोडा. नाहीतर गरम हवा खालीच कोंडते, ज्योत नीट जळत नाही आणि नॉब वितळायची वेळ येते. ४५ × ४० सेंमीचा तुकडासुद्धा साडेआठ किलो भरतो, तेव्हा जाळी आधी तपासा.

प्लेट मधोमध फुगते ती एकदम मोठ्या आचेमुळे. १० मिनिटं मंद, मगच वाढवा.

वापरण्याआधी तेल लावून तवा तापवताना (सीझनिंग) तेलाचा हात इतका पातळ की पुसून टाकल्यासारखा वाटावा. जाड थर चिकट राहतो आणि डोसा हमखास धरतो. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा फुकट मिळाला तरी नको, जस्ताचा धूर वाईट.