दातांच्या क्षेत्रात शिरायचे तर लॅबमधून की नीटमधून?

धागा : शिक्षक, खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा)

मराठी माध्यमातून दहावी होऊन पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) विज्ञान घेतलेली आमची मुले दरवर्षी सल्ला विचारायला येतात. बहुतेकांच्या घरी हिशेब ठरलेला असतो : एमबीबीएस, नाही तर बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, तेही नाही तर वर्षभर घरी बसून पुन्हा नीट ही प्रवेश परीक्षा. या हिशेबात लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप घडवणाऱ्या दंततंत्रज्ञाचे, म्हणजे डेंटल मेकॅनिकचे, नाव कोणीच घेत नाही. ज्याच्या हातात कसब आहे आणि ज्याच्या घरी बीडीएसच्या पाच वर्षांचा खर्च झेपणार नाही, त्याने दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिकचा डिप्लोमा पहिली पसंती म्हणून निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याबरोबरच डेंटल हायजिनिस्ट (दातांची सफाई करणारा) आणि डेंटल मेकॅनिक यांचीही व्याख्या केली, म्हणजे हे काम कोणाच्या तरी हाताखालची मदतनिशी नसून कायद्याने ओळखलेला व्यवसाय आहे.

कामही आपल्या भागाला परके नाही. दवाखान्यातून आलेल्या मापात, म्हणजे रुग्णाच्या जबड्याच्या ठशात, प्लास्टर भरून साचा काढायचा, मेणात दात मांडायचे आणि रुग्णाच्या तोंडात ते एकदा बसवून पाहिल्यावर मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरून कवळी शिजवायची. धातूची कॅप असेल तर मेणाचा नमुना करून, भोवती साच्याचा मसाला भरून, मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतायचा. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत ज्याचे वडील राबले, किंवा शहापुरातील सराफी कामात ज्याचे बालपण गेले, त्या मुलाला ओतकाम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

प्रतिसाद : दंतवैद्य, बेळगाव

सर, कसबाविषयी आपण लिहिले ते मान्य. चांगल्या तंत्रज्ञावाचून माझा दवाखाना एक आठवडाही चालणार नाही. परंतु या डिप्लोमाला दंतक्षेत्राची पहिली पायरी मानणे मुलांची दिशाभूल करणारे आहे, कारण त्या पायरीच्या वर जिनाच नाही. लॅबमध्ये दहा वर्षे काढलेल्या माणसालाही बीडीएस करायचे तर नीट द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते. मग विज्ञानाची बारावी झालेल्या मुलाने आधी नीट का देऊ नये? बेळगावातच केएलई आणि मराठा मंडळ या दोन्ही संस्थांची दंत महाविद्यालये आहेत, शिवाय कर्नाटकातील 865 सीमावर्ती गावांतील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात थोड्या का होईना राखीव जागा आहेत.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे. लॅबमध्ये हात बसला की काही जण गावी परतून स्वतःच माप घेऊ लागतात. माझ्याकडे निपाणीकडील एक वृद्ध बाई आल्या होत्या. हिरड्यांत मुळे तशीच ठेवून वर कवळी बसवलेली, आणि गालाच्या आत मिशेरीने उठलेला पांढरा चट्टा कोणी पाहिलेलाच नव्हता. तसा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. कवळी सुबक होती, हे मुद्दाम सांगतो. दोष हाताचा नव्हता. तोंड तपासण्याचे शिक्षण त्या हाताला मिळालेलेच नव्हते.

प्रतिसाद : लॅबमध्ये काम करणारी, शहापूर

मी डिप्लोमा केलेला आहे, म्हणून दोघांनाही थोडे सांगते. सरांनी धूळ सांगितली नाही. प्लास्टर, प्युमिस (घासून चकाकी आणण्याची पूड), ओतकामाच्या मसाल्यातील सिलिका आणि घासताना उडणारे धातूचे कण छातीत जातात. धूळ ओढून घेणारा पंखा आणि मास्क नसलेल्या खोलीत वीस वर्षे काढली तर फुप्फुसे साथ देत नाहीत. मुलाला लॅबमध्ये पाठवण्यापूर्वी पालकांनी तेथील पंखा पाहून यावे, पगार नंतर विचारावा.

डॉक्टरांनीही एक गोष्ट गाळली आहे. माझ्या पहिल्या मालकांनी मला आणि दहावी नापास झालेल्या मुलाला एकाच पगारावर ठेवले, कारण काम पाठवणाऱ्या एकाही दवाखान्याने कधी विचारले नाही की हे दात नोंदणीकृत तंत्रज्ञाने केले आहेत का. झिरकोनिया या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकच्या कॅप आता स्कॅन करून संगणकावर घडवतात आणि यंत्रावर कोरतात. दाढेचे उंचवटे आणि खळगे कोठे असतात, वरचा दात खालच्यावर कोठे टेकतो, हे शिकलेल्यालाच तो पडदा वाचता येतो. केवळ हात बसलेला त्या टेबलाजवळ जात नाही. म्हणून मी म्हणते, डिप्लोमा करावा, पण नोंदणी होणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेतच. आयटीआयचे प्रमाणपत्र वेगळे आणि हा डिप्लोमा वेगळा, हे प्रवेश घेतानाच समजून घ्यावे.

प्रतिसाद : धागाकर्ता

जिना नाही हा डॉक्टरांचा मुद्दा मी स्वीकारतो आणि ‘पहिली पायरी’ हा शब्द यापुढे मुलांसमोर वापरणार नाही. धुळीचे मला खरोखरच ठाऊक नव्हते. ‘आधी नीट’ हे मात्र मला पटत नाही. आमच्या मुलांची भाषा पीयूसीत एकाएकी इंग्रजी होते, आणि नीटची मराठी प्रश्नपत्रिका हवी तर केंद्र महाराष्ट्रात घ्यावे लागते. एकदा परीक्षा द्यावी, यात वाद नाही. तीनदा देऊन विशीत रिकाम्या हाताने घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी मी हा धागा काढला. जिना नसणे हाही काही निसर्गनियम नव्हे. ब्रिटनमध्ये पुढील प्रशिक्षण घेतलेला क्लिनिकल डेंटल टेक्निशियन दात उरलेले नसलेल्या रुग्णाला थेट पूर्ण कवळी देऊ शकतो.

प्रतिसाद : दंतवैद्य, बेळगाव

तेथे तो नोंदणीकृत असतो आणि तोंडात काही संशयास्पद दिसले तर रुग्णाला पुढे पाठवण्याचे शिक्षण त्याला दिलेले असते. तसे शिक्षण येथे सुरू झाले तर मी विरोध करणार नाही. शहापूरच्या ताईंनी दवाखान्यांविषयी लिहिले ते मला लागले. माझी मापे ज्या दोन लॅबमध्ये जातात, तेथील तंत्रज्ञांची नोंदणी मीही आजवर विचारलेली नाही. सोमवारी विचारतो.