मिठाच्या मैदानावर गाडी पळवायचा हंगाम नेमका कोणता?

गिरणाकाठ
अमेरिकेत युटातल्या बॉनव्हिल या मिठाच्या मैदानावरचा स्पीड वीक (वेगाच्या शर्यतींचा आठवडा) ऑगस्टात, ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनर या खाऱ्या तळ्यावरचा मार्चात. आपल्या कच्छचं रण पांढरंशुभ्र दिसतं ते डिसेंबर-जानेवारीत. मीठ तेच, मग महिने एवढे वेगळे का? आणि २०१४, २०१५, २०२२ ला बॉनव्हिलचा स्पीड वीक रद्द झाला. त्या कोरड्या मुलखात पावसाने एवढं काय बिघडतं? शिवाय जळगावात सेट केलेलं कार्ब (कार्ब्युरेटर, इंजिनात पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) तिथे चालेल का?

चोपण
मैदान नुसतं कोरडं असून भागत नाही. आधी पाणी साचायला हवं, मग ते आटायला हवं. बॉनव्हिलला हिवाळ्यात पाण्याचा पातळ थर उभा राहतो. तो वरचं मीठ विरघळवतो, वारा ते पाणी इकडून तिकडे ढकलतो आणि जुन्या चाकोऱ्या बुजतात. अंगण सारवताना पातळ शेणकाला खळग्यात आपोआप बसतो, तसंच. उन्हाळ्यात पाणी उडून मीठ पुन्हा घट्ट जमतं. हिवाळा कोरडा गेला तर वाळलेल्या मिठाला पडलेल्या चकत्यांच्या वर आलेल्या कडा विरघळत नाहीत, मग ट्रॅक खडबडीत. ट्रकमागे लोखंडी गर्डर ओढून तो सपाट करतात, वखरानंतर पाटा फिरवावा तसा, पण मोठ्या कडा त्याला दाद देत नाहीत.

जुलै-ऑगस्टात वळीव पडला की गणित उलटतं. बोंडं फुटल्यावर पराटीवर पाऊस यावा, तशी गत. पाणी उभं राहतं, पापुद्रा मऊ पडतो, खालचा चिखल वर येतो. २०१५ ला चांगल्या मिठाचा पुरेसा लांब पट्टाच मिळाला नव्हता.

गेर्डनर दक्षिण गोलार्धात, त्यांचा उन्हाळा मार्चात सरतो. महिना वेगळा, पण ऋतू तोच.

डिझेल आप्पा
कार्बचं सांगतो. बॉनव्हिल सुमारे १,२८० मीटरवर, जळगाव दोनशेच्या आसपास. तापमान सारखं धरलं तरी तिथली हवा साधारण १२ टक्के विरळ. इथलं जेटिंग (कार्बमधल्या पेट्रोलच्या छिद्रांचं माप) तिथे रिच होईल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाईल, स्पार्क प्लग काळा पडेल. मेन जेट, म्हणजे त्यातलं मुख्य छिद्र, एक-दोन नंबर खाली घ्या, मग प्लगचा रंग बघून ठरवा. सकाळच्या १५ अंशांवरून दुपारी ३५ वर गेलं की हवा आणखी साडेसहा टक्के पातळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्यासोबत उतरते. हवेचा अडथळाही कमी होतो, पण मीठ चाकाला धरून ठेवतं त्याचं ओझं कमी होत नाही.

ग्रिप डांबरापेक्षा बरीच कमी. आरपीएमवरून काढलेला वेग जीपीएसशी ताडून बघा. आरपीएम चढतोय आणि जीपीएस तिथेच, तर चाक नुसतं फिरतंय. तिथे लोक मुद्दाम शिसं टाकून गाडी जड करतात, ते याचसाठी.

गिरणाकाठ
आणि रणात? दिवाळीनंतर बुलेट थोडी ताणून पाहावी म्हणतो.

चोपण
नको भाऊ. रणाचा मोठा भाग अभयारण्यात, सीमेलगत परवाना लागतो, तिथे रेसिंग बसत नाही. आणि दिवाळीला रण नुकतं आटत असतं. वरून पांढरं म्हणजे आतून टणक नव्हे. आपल्याकडे केळीच्या पाणथळ वावरात एप्रिलात मीठ फुटतं, त्याखाली बोट घातलं तर ओल लागतेच ना? रणात ती ओल म्हणजे गाळ. पायी जाताना टाच जोरात दाबा. करकर आवाज आला तर ठीक. टाच रुतली, खड्ड्यात पाणी झिरपलं किंवा रंग राखाडी दिसला, तर मागे फिरा. पापुद्रा एकदा फुटला की बाईक इंजिनापर्यंत बसते, आणि ओढायला आलेली जीपही.

डिझेल आप्पा
नुसतं फिरायला गेलात तरी गाडी त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. मडगार्डच्या आतून आणि चेनखाली; वायरिंगचे कपलर (जोडण्या) मात्र वगळून. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढतं. खान्देशच्या चैत्र-वैशाखात ते गप्प बसतं, गाडी स्वच्छ वाटते. मृग लागला की स्पोकच्या मुळाशी तांबूस पाणी गळायला लागतं.