रस्ता उंच, घर खाली, अन् दोष म्हणे खर्र्याचा!

नालीकाठचा
"गावाची नगरपंचायत झाली, गल्लोगल्ली सिमेंट रोड आले, दुसरं नागपूरच होऊन राह्यलं, तरी लोकाईचं रडगाणं संपत नाही. आधी खर्र्याच्या (घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या नालीत टाकणं बंद करा, मग पाणी घरात शिरलं म्हणून बोंबला." ही पोस्ट सकाळपासून फिरून राह्यली. डोकं सणकलं, म्हणून लांबलचक लिहितो.

पाणी पन्नीनं नाही, लेव्हलनं शिरते. सिमेंट रोड करताना जुना डांबरी थर खोदून काढायचा, खाली काळी माती असली तर तीही उचलायची, मुरूम-गिट्टी दाबायची, मग काँक्रीट. खोदाई टाळली की जुन्यावरच ४ इंचाचा बेड, म्हणजे खालचा पाया-थर, अन् त्यावर ८ इंच काँक्रीट. झाला १ फूट. जोतं दीड फुटाचं, म्हणजे उरले ६ इंच. अंगण तर खड्ड्यातच गेलं. १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर १ इंच पाऊस पडला तर १५,००० लिटर पाणी होते. पहिले कडेच्या मुरमात थोडंफार मुरे. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट. जाईन कुठं?

खरं_बोलतो
पोस्ट माझीच. गुटखाबंदी २०१२ पासून आहे अन् खर्रा प्रत्येक ठेल्यावर पन्नीतच घोटून मिळते. रपट्याच्या (नालीवरच्या ठेंगण्या पुलाच्या) पाइपात एक पन्नी अडकली की तिच्यावर गाळ, गाळावर दुसरी पन्नी. लेव्हल घेऊन काय चाटता?

मुरूम
दोघंही अर्धं सांगून राह्यले. नालीला २०० फुटाला निदान १ फूट उतार लागतो. सपाट नालीत पन्नी नसली तरी गाळ बसतोच. पाइपाच्या तोंडाशी गजाची तिरपी जाळी बसवा अन् दर पावसाआधी साफ करा. जाळी बसवून साफ केली नाही, तर ती पन्नीपेक्षा वाईट.

अन् रोड फुटते काहून, ते कोणी बोललंच नाही. काँक्रीट पडल्यावर काही तासांतच जॉइंट, म्हणजे आडव्या चिरा, कापावे लागतात, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतके खोल. उशीर झाला की स्लॅब आपल्या मर्जीनं तडकते. मे महिन्यात ४५ अंशात दुपारी काँक्रीट टाकतात अन् त्यावरचं ओलं बारदान दोन दिवसांत उचलतात. पाणी १४ दिवस मारायचं असते, बाप्पा.

शहरातला_पाहुणा
नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला काय झालं, विसरले का? सिमेंट रोडनंच बुडालं.

मुरूम
अंबाझरी तलाव ओसंडला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तिथं तलाव अन् नदीचं पात्र हे मोठं कारण. सगळं रोडच्या माथी मारू नका.

रिकामा_हंडा
रोडचं सोडा. रोडखाली गेलेल्या नळाच्या पाइपाचं बोला. गळती लागली की काँक्रीट फोडा, नाहीतर गळू द्या. गळतीच्या बाजूला नाली, अन् वरच्या आळीत घरोघरी नळालाच जोडलेले छोटे टिल्लू पंप. पंप सुरू झाले की पाइपात उलटा ओढ बसतो, नालीचं पाणी गळतीतून आत. मग कावीळ आली की डास मारायची फवारणी! तोटी उघडून तळहात लावा. हवा ओढली तर समजा, तुमच्या नळात नाली येऊ शकते.

टिल्लूवाला
एकमजली घरालाही नळाशी ७ मीटरचा दाब पाहिजे. तेवढा द्या, टिल्लू भंगारात टाकतो. शेवटच्या टोकाला नुसती हवा येते, मग माणसानं काय हवा प्यावी?

रिकामा_हंडा
टोकाला हवा येते ती तुमच्यासारख्यांमुळेच, शहाण्या! अर्धा एचपीचा पंप लाइनीला जोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या हंड्यात नळी टाकून ओढणं.

टिल्लूवाला
चोर म्हणा सरळ. बिल भरतो मी.

मुरूम
भांडू नका राजेहो. जमिनीच्या पातळीला हौद करा, फ्लोट वॉल (हौद भरला की आपोआप बंद होणारी तोटी) लावा, पाणी आपोआप पडू द्या. पंप हौदातून लावा, लाइनीतून नाही.

टिल्लूवाला
काळ्या मातीत हौद? भिंत तडकली की तेच नालीचं पाणी हौदात.

मुरूम
हे खरं. विटांचा हौद तडकतेच. काळी माती काढून मुरूम दाबा, त्यावर आरसीसी करा. प्लास्टिकची टाकी पुरली तर पावसाळ्यात रिकामी ठेवू नका, बाजूचं पाणी तिला वर उचलते. अन् पाणी सोडायच्या तासाभरात वीज बंद ठेवली तर टिल्लूचा प्रश्न एका सकाळीत सुटते.

कुलरग्रस्त
मे महिन्यात वीज बंद? तुम्ही माणसं आहात का?

मुरूम
सकाळी ६ ला. तेव्हा कुलर तासभर थांबला तर कोणी वितळत नाही.

रिकामा_हंडा
अन् टोकाच्या घरी क्लोरीन तपासा. ओटी (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं औषध) टाकल्यावर पाणी पिवळं व्हायला पाहिजे. टाकीखाली पिवळं, टोकाला पांढरंफक, मग ब्लिचिंग कोणाच्या कामाचं?

खरं_बोलतो
बरं, खोदाई व्हायला पाहिजे होती, मानलं. तुम्ही सगळे इंजिनेर, मी एकटा अडाणी. पण रपट्याच्या पाइपातून पन्न्या काढायला तुमच्यातला एकही येणार नाही, हेही लिहून ठेवा.

नालीकाठचा
येतो, जाळी आणून ठेवा. मुरूमभाऊ, आमच्या वार्डात सोमवारी बेड टाकून राह्यले. लेव्हल कशी घ्यायची?

मुरूम
पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक उंबरठ्याशी, दुसरं रस्त्याकडेच्या खांबाशी. दोन्हीकडं पाणी थांबलं की खांबावर रंगानं खूण करा. ती झाली उंबरठ्याची लेव्हल. रोडचा वरचा थर त्या खुणेच्या निदान दीड फूट खाली राहिला पाहिजे. बेड पडायच्या आधी करा, नंतर कोणी फोडत नाही.